साथ नेहमीची

माझं सन्मानपत्र नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेपच्या घरात सोफ्याच्या मागे उभं होतं, तोंड भिंतीकडे करून. लेकीचं म्हणणं असं की घर भाड्याचं आहे, भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाला मेल करावा लागतो. मी म्हटलं, मग कर. ती म्हणाली, करते. तो मेल शेवटपर्यंत गेला नाही. आज वाटतं बरंच झालं, पण तेव्हा मी चार दिवस तिच्याशी धड बोललो नव्हतो.

सत्तरीला टेकलेला माणूस तीन महिन्यांसाठी लेकीकडे परदेशी निघाला की बॅगेत काय भरतो? लोणचं, मेतकूट, बी.पी.च्या गोळ्या. मी त्यांच्याबरोबर ते काचेच्या चौकटीतलं सन्मानपत्र, कीर्तनाची शाल, चिपळ्या आणि अकरा दैनंदिन्या भरल्या. विमानतळावर बॅगेचं वजन जास्त झालं तेव्हा मी लोणच्याची बरणी काढून सोडायला आलेल्या भाच्याच्या हातात दिली. माझी ओळख करून द्यायला एवढं पुरेसं आहे.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू होतो. छत्तीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या लहानमोठ्या मंडळ्या सांभाळल्या, आणि त्याहून जास्त नाव कीर्तनकार म्हणून मिळवलं. ख्रिस्ती माणूस कीर्तन करतो म्हटलं की शहरातल्या लोकांच्या भुवया वर जातात. आमच्याकडे त्यात नवल नाही. तोच पूर्वरंग, तोच उत्तररंग, त्याच झांजा, फक्त आख्यान शुभवर्तमानातलं. कीर्तनकार पुढे उभा राहतो, पेटी आणि तबला मागे बसतात. लोक येतात ते पुढच्याला बघायला.

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं कीर्तन एका तालुक्याच्या बाजारतळावर झालं. तीन दिवसांचं अधिवेशन होतं आणि शेवटच्या संध्याकाळी माझं कीर्तन. आख्यान हरवलेल्या मेंढराचं. मी उत्तररंगात शिरलो आणि वळवाचं वादळ आलं. दिवे गेले, लाऊडस्पीकर बंद पडला, मांडवाची एक बाजू फाटली. पुढाऱ्यांच्या गाड्या निघाल्या. मी मात्र अंधारात, माइकशिवाय, पाऊण तास गात राहिलो आणि पब्लिकमधला एकही माणूस उठला नाही. मग कुणीतरी दोन पेट्रोमॅक्स आणले. त्या उजेडात मी विचारलं, ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी हात वर करा. एकशे बारा हात वर झाले. मी स्वतः मोजले, दोनदा.

हे मी किती वेळा सांगितलं असेल ह्याची गणती नाही. सांगता सांगता माझ्या आवाजात जिथे कंप यायचा तिथे तो दर वेळी येऊ लागला होता. बायको होती तोवर ती नुसतं खाकरायची आणि मी आवरतं घ्यायचो. ती गेल्यावर खाकरणारं कुणी उरलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी नेदरलँड्सला पोचलो आणि मार्चच्या मध्याला सगळं बंद झालं. परतीचं तिकीट रद्द झालं. व्हिसाची मुदत वाढवून मिळाली, तेवढा एक घोर मिटला. जावई वरच्या खोलीत ऑफिस करायचा, लेक जेवणाच्या टेबलावर, नात जिन्यात बसून टॅबलेटवर शाळा. मी ज्या खोलीत जाईन तिथे कुणाची तरी मीटिंग चालू असायची आणि मला हाताने खुणावून बाहेर काढलं जायचं. शिपोल विमानतळावरची विमानं आमच्या डोक्यावरून जातात असं जावयाने कौतुकाने सांगितलं होतं. त्या दिवसांत आकाश रिकामं होतं.

म्हणून मी कालव्याच्या कडेने फिरायला जायचो. समोरून येणारी डच माणसं दीड मीटर अंतर राखायला शिस्तीत रस्त्याच्या पलीकडे जायची. मला समजत होतं ते का जातात, तरी झोंबायचं. छत्तीस वर्षं मी रस्त्याने निघालो की माणसं सायकलवरून उतरून सलाम करायची. इथे सायकलवाले मागून घंटी वाजवून मला बाजूला सारायचे. एकदा एका बाईंनी मला काहीतरी विचारलं. मला वाटलं, ओळख करून घेतायत. त्या म्हणत होत्या की तुम्ही सायकलच्या रस्त्यावरून चालताय.

आसपास मराठी माणसं पुष्कळ होती, बहुतेक पुण्या-मुंबईची आयटीतली हिंदू कुटुंबं. माणसं प्रेमळ. पाडव्याला एका शेजारणीने दाराबाहेर श्रीखंडाचा डबा ठेवून, घंटी वाजवून, लांब जाऊन हात हलवला होता. मराठी ख्रिस्ती घरं मात्र देशभर विखुरलेली, सगळी मिळून दहा-बारा. कुणी कापेल आन डेन आयसेलला, कुणी आर्नहेमला. ह्या सगळ्यांनी मिळून एप्रिलमध्ये ठरवलं की रविवारी सकाळी अकराला ऑनलाइन मराठी उपासना घ्यायची, आणि लेकीने सांगून टाकलं की माझे पप्पा इथेच आहेत. ते ऐकून मला पुन्हा जेवण जाऊ लागलं.

पहिल्या रविवारी मी शाल घेऊन, चिपळ्या हातात धरून लॅपटॉपपुढे उभा राहिलो. लेकीने सांगितलं, पप्पा, बसा, डोकं कापलं जातंय. बसून कीर्तन करण्याची मला सवय नव्हती. त्यात सगळ्यांनी मिळून भजन म्हणायला घेतलं तर एकेकाचा आवाज अर्धा सेकंद मागेपुढे यायचा आणि बाजार भरल्यासारखं व्हायचं. म्हणून सगळ्यांना म्यूट करायचं ठरलं. ते बटण माझ्या हाताशी. कीर्तनकाराला समोरून हुंकार लागतो, मान डोलताना दिसावी लागते. इथे दहा-बारा लहान लहान चौकोन, त्यातले निम्मे काळे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं मी लेकीजवळ कुरकुरायचो.

समोरून काहीच परत येईना, तेव्हा मी माझ्या जवळचं चलनी नाणं काढलं. बाजारतळ, वादळ, अंधार, हात. दर रविवारी वचन कुठलंही असो, वळसे घेत घेत मी तिथेच पोचायचो. शिळ्या कढीला ऊत आणण्यात माझा हात धरणारा नव्हता. मागचं विसरून पुढे धावावं, ह्या वचनावरसुद्धा मी बाजारतळाची गोष्ट सांगितली. नातीला मराठी सगळं कळतं, ती उत्तर मात्र इंग्रजीत देते. एकदा जिन्यातून तिचा आवाज आला, "आजोबा, अगेन सेम स्टोरी?" मी हसण्यावारी नेलं आणि जेवताना तिच्याशी बोललो नाही.

आता आमच्या उपासनेतली एक रीत सांगितली पाहिजे, कारण माझी चूक त्या रीतीच्या आडोशाने झाली. उपदेश संपला की प्रार्थनेचे विषय घेतात. एकेक जण उभं राहून सांगतो. कुणाच्या मुलाची परीक्षा असते, कुणाची म्हैस आजारी असते, कुणाचा नवरा पिऊन येतो. पाळक सगळ्यांसाठी नावानिशी प्रार्थना करतो. हे सगळं शेवटी, आणि तोवर पाळकाला मध्ये कुणी थांबवत नाही. आग लागली तरी आमच्याकडची माणसं आधी "साहेब, जरा" म्हणतील आणि साहेबांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबतील. गावात हे चालून जायचं, कारण गावात उपासनेला शेवट यायचा. इथे आमचं खातं फुकटचं होतं आणि फुकटच्या खात्याला चाळीस मिनिटांची मर्यादा. चाळीस झाली की मीटिंग आपोआप बंद.

माझं तर नमनालाच घडाभर तेल. पहिले काही रविवार प्रार्थनेच्या विषयांना पाच मिनिटं उरायची, मग दोन, मग लेक म्हणायची की विषय ग्रुपवर लिहून टाका, पप्पा वाचतील. मी वाचायचो. वाचून प्रार्थनाही करायचो. पण लिहिलेला विषय आणि माणसाच्या तोंडून ऐकलेला विषय ह्यांत किती फरक असतो हे मला छत्तीस वर्षांनी कुणी शिकवायची गरज नव्हती.

जूनमध्ये एक नवा चौकोन येऊ लागला. काळा. त्यावर माणसाचं नाव नव्हतं, कुठल्याशा ऑफिसच्या लॅपटॉपचा नंबर होता. लेकीने सांगितलं की आर्नहेमच्या एक ताई आहेत, नवऱ्याच्या लॅपटॉपवरून येतात, बाळ लहान आहे म्हणून कॅमेरा बंद ठेवतात. पहिल्याच रविवारी, मी वादळापर्यंत पोचलो असताना, त्या चौकोनात बोलायचंय अशी खूण करणारा पिवळा हात वर झाला. मला वाटलं, नवी आहे, चुकून दाबलं गेलं असेल. हात खाली करायचं बटण मला लेकीने शिकवलं होतं. मी तो खाली केला आणि पुढे चालू लागलो. पुढच्या रविवारी पुन्हा हात. पुन्हा मी खाली केला. तिसऱ्या रविवारी तर मला जरा रागच आला.

जुलैच्या एका रविवारी सकाळी लेक माझी शाल घडी मोडून देताना म्हणाली की आर्नहेमच्या ताईंचा मेसेज आलाय, त्यांना दोन मिनिटं हवी आहेत, वडील आजारी आहेत. मी म्हटलं, देऊ की, शेवटी देऊ. माझं तिकडे नीट लक्षही नव्हतं. त्या दिवशी कापेलच्या एका कुटुंबाचे पाहुणे उपासनेला येणार होते, पुण्याचे एक निवृत्त प्राचार्य, आणि माझी गोष्ट त्यांनी अजून ऐकलेली नव्हती.

मी त्या दिवशी फार छान सांगितलं, हे कबूल करताना लाज वाटते. प्राचार्यांची मान डोलत होती. अर्ध्यावर पिवळा हात वर झाला. मी ह्या वेळी तो खाली केला नाही. पाहिला, आणि मनात म्हटलं, शेवटी. वादळ आलं, दिवे गेले, मी अंधारात गायला लागलो. लेक कॅमेऱ्याच्या बाहेरून घड्याळाकडे बोट दाखवत होती. पिवळा हात तसाच वर. पेट्रोमॅक्स आले. एकशे बारा म्हणायला मी तोंड उघडलं आणि पडदा काळा झाला.

लेक म्हणाली, "पप्पा, त्या ताई राहिल्या. मी परत लिंक चालू करते, दोन मिनिटांत सगळे येतील."

मी शाल काढत होतो. घसा सुकला होता आणि शेवटचा आकडा सांगायचा राहिल्यामुळे चिडलो होतो. मी म्हणालो, "लोक उठले असतील आता. पुढच्या रविवारी त्यांना पहिलं घेऊ."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा ऐकलंय ते मलाच ठाऊक. आवाज माझाच असतो.

सोमवारी सकाळी ग्रुपवर निरोप आला. आर्नहेमच्या ताईंचे वडील रविवारी संध्याकाळी कोरोनाने गेले. विमानं बंद, ती जाऊ शकणार नव्हती. मी फोन करायला नंबर मागितला. लेकीने नंबर दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. मंगळवारी दुपारी मी फोन लावला आणि सांत्वनाची माझी नेहमीची वाक्यं तयार ठेवली. अशा फोनांची मला सवय होती. तिने सलाम केला आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही ओळखलं नाहीत. मी तुमच्या तबलजींची धाकटी."

एकोणीस वर्षं ज्यांनी माझ्या कीर्तनाला तबल्याची साथ केली, त्या माणसाची ती मुलगी. ते मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते. दिवसभर लोकांच्या जखमा धुवायचे आणि संध्याकाळी तबल्याची पिशवी स्कूटरला अडकवून माझ्या दारात उभे राहायचे. मी मागे बसलो की त्यांच्या शर्टाला टिंक्चरचा वास यायचा. माझी बदली झाली तेव्हा ही पोरगी आठ-दहा वर्षांची असेल. त्यांना मुली किती, हे मला नक्की सांगता आलं नसतं. बदलीनंतर मी त्यांना नाताळाला एकदा फोन केला होता. एकदाच.

तिने रडता रडता पण रांगेने सगळं सांगितलं. जूनमध्ये वडिलांना फोनवर कळलं की साहेब हॉलंडमध्ये आहेत आणि ती त्यांच्या उपासनेला जाते. ते इतके खूश झाले की म्हणाले, साहेबांना माझा सलाम सांग, मी अजून रोज रियाज करतो म्हणावं. ते सांगायला तिने हात वर केला होता. तीन रविवार. चौथ्या रविवारी ते त्यांच्याच दवाखान्यात दाखल होते, श्वास लागला होता. घरच्यांना आत सोडत नव्हते, पण तिथल्या सिस्टर त्यांच्याबरोबर काम केलेल्या. एका सिस्टरने फोन त्यांच्या कानाशी धरायचं कबूल केलं होतं. त्यांनी मागितलं एवढंच, की साहेबांनी माझ्यासाठी प्रार्थना करावी आणि ती मला ऐकू यावी.

तिने फोन लॅपटॉपला लावून धरला होता. पहिल्यापासून.

"त्यांनी सगळं ऐकलं, साहेब," ती म्हणाली. "बाजारतळाचं कीर्तन. सिस्टर सांगत होत्या, तुमचा आवाज ऐकून त्यांची बोटं हलत होती."

ती मला बरं वाटावं म्हणून हे सांगत होती. तिच्या मनात किल्मिष नव्हतं, हे आणखी वाईट. फोनवर मी प्रार्थना केली, तिच्यासाठी, तिच्या आईसाठी. शब्द बरोबर जागेवर येत होते आणि मला माझी किळस येत होती. ज्या माणसाने शेवटच्या दिवशी माझ्याकडे दोन मिनिटं मागितली, त्याला मी चाळीस मिनिटं माझी बढाई ऐकवली. आणि त्या बढाईत तो स्वतः होता, त्या मांडवात, माझ्यामागे दोन हातांवर, आणि मी त्याचं नाव घेतलं नव्हतं. कधीच घेतलं नव्हतं.

मी लेकीला सांगितलं की आता मी उपासना घेणार नाही. मला वाटलं ती समजूत काढेल. तिने भांडी घासता घासता म्हटलं, "सोडून देणं सोपं आहे, पप्पा. तिथे बसून नुसतं ऐकायला जमतंय का बघा."

तिच्या आईचं खाकरणं तिच्याकडे आलंय हे मला तेव्हा कळलं. मी पुढच्या रविवारी बसलो, शाल न घेता. सगळ्यांना बोलतं केलं आणि आधीच प्रार्थनेचे विषय घेतले. तीस मिनिटं त्यातच गेली. कापेलच्या एका बाईंनी नोकरी गेल्याचं सांगितलं, ते त्यांनी तोवर घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं. एका तरुणाने सांगितलं की त्याला रोज सकाळी उठूच नये असं वाटतं. हे सगळे तीन महिने माझ्यासमोर काळ्या चौकोनांत बसून बाजारतळाचं वादळ ऐकत होते. मी सुधारलो असं मात्र कुणी समजू नये. त्या तरुणाचं ऐकतानासुद्धा माझ्या मनात एक जुना दाखला डोकं वर काढत होता, ज्यात मी असाच एक मुलगा वाचवला होता. मी ओठ मिटून बसलो. छाती दुखेपर्यंत मिटून बसलो.

आर्नहेमची ताई दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, कॅमेरा चालू करून. चेहरा पाहिला आणि कुणाचा आहे ते कळायला क्षणही लागला नाही. तिने विचारलं की साहेब परत जायच्या आधी एकदा भेटायला आलं तर चालेल का. ऑगस्टमध्ये मास्क लावून गाडीने जाता येत होतं. एक शनिवार ठरला.

ती काय विचारणार ह्याचा मला अंदाज होता. पोरकं झालेलं माणूस काय विचारतं हे मी आयुष्यभर पाहिलंय. त्याला उपदेश नको असतो, गेलेल्या माणसाबद्दलची एखादी नवी गोष्ट हवी असते, त्याच्याजवळ नसलेली. म्हणून आदल्या दिवशी मी दैनंदिन्या काढल्या. त्या कीर्तनाचं पान मला न शोधता सापडलं, वही आपोआप तिथेच उघडायची. मी त्या दिवशी साडेतीन पानं लिहिली होती. वारा कुठल्या बाजूने आला, मंचावर कोण कोण होतं, कुठल्या पुढाऱ्याने माझी पाठ थोपटली, मी कुठली पदं घेतली, माझा घसा कुठे बसला. एकशे बारा ह्या आकड्याखाली दोन रेघा. आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात, तारखेच्या खाली, दोन शब्द. साथसंगत नेहमीचीच.

मी बाकीच्या दहा वह्याही चाळल्या. जिथे जिथे कीर्तन, तिथे तिथे तेच दोन शब्द, नाहीतर नुसतंच साथ नेहमीची. एकोणीस वर्षं. एका ठिकाणी मात्र थोडं जास्त होतं. तबला उशिरा आला, सुनावलं, असं लिहिलं होतं. उशीर का झाला होता ते लिहिलेलं नव्हतं.

शनिवारी लेकीने मागच्या बागेत दोन खुर्च्या मांडल्या, मधलं अंतर झाडूच्या दांड्याने मोजून. ती आली, मास्क काढून पिशवीत ठेवला, सलाम केला. बाळ नवऱ्याकडे ठेवून आली होती. चहा झाला, लेकीने केलेले पोहे झाले. लेक भांडी घेऊन आत गेली ती मुद्दाम बाहेर आली नाही. थोडा वेळ आम्ही कुंपणापलीकडच्या कालव्यातली बदकं बघत बसलो.

मग ती म्हणाली, "साहेब, बाजारतळाच्या दिवशी दिवे गेले तेव्हा बाबांनी काय केलं? कसे बसले होते ते? मी लहानपणी खूप विचारायचे. ते म्हणायचे, ते साहेबांनी सांगावं, ते छान सांगतात, त्यांनाच विचार."

छत्तीस वर्षांचा कीर्तनकार मी. शब्द लगेच ओठांशी आले. त्यांनी अंगावरची शाल काढून आधी तबला झाकला, असं सांगता आलं असतं. पावसाचे थेंब हातावर घेत ते वाजवत राहिले, माझ्याकडे बघून हसले, असं सांगता आलं असतं. तिने ते जन्मभर जपलं असतं आणि तिच्या बाळाला सांगितलं असतं. माझ्या तोंडून एक सुरुवात निघालीसुद्धा, "त्यांनी ना," एवढी. ती पुढे वाकली. तिचे डोळे अगदी त्यांचे होते.

मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाळ. ते माझ्या मागे बसायचे. मी मागे वळून पाहिलं नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. तिला राग आला असता तर मला सोपं गेलं असतं, पण तिचा चेहरा नुसता रिकामा झाला, दाराशी आलेलं पत्र दुसऱ्याच कुणाचं निघावं तसा. मला वाटलं, आता ही उठेल. मी तो पाऊण तास मनात पुन्हा काढला, ह्या वेळी कुणाला ऐकवायला नाही, शोधायला. अंधार होता. मांडवाचं कापड फडफडत होतं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता. मग मी कशाच्या आधाराने गात होतो?

"पण एक सांगतो," मी म्हणालो. "पेटीवाला दिवे गेल्याबरोबर थांबला होता, ते मला आठवतं, कारण सूर सुटल्यासारखा झाला. ताल मात्र मी पाऊण तासात एकदाही चुकलो नाही. अंधारात, वाऱ्यात, एकदाही नाही. म्हणजे ते वाजवत होते."

"पाऊण तास?" तिने विचारलं.

"पूर्ण पाऊण तास."

तिने मान हलवली आणि डोळे पुसले. तिच्या उजव्या हाताची बोटं खुर्चीच्या हातावर हळूच एकदा हलली, तिच्या नकळत असावं. पुढे पेट्रोमॅक्स आल्यावर काय झालं ते तिने विचारलं नाही, आणि हात किती वर झाले ते मी सांगितलं नाही.